कारण न लिहिलेली ओळ

नदीकाठच्या एका गावात एक दूधसंघ होता, आणि त्या संघाचं टपाल सांभाळणारा नेमगोंडा नावाचा एक माणूस होता. सगळे त्याला नेमाण्णा म्हणायचे. टपाल म्हणजे कागदाचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. संघाची साठ-पासष्ट संकलन केंद्रं होती, एकेका खेड्यात एकेक. टँकर कुठं किती वाजता येणार, कुठल्या गावचं दूध आज नासलं, कुणाच्या म्हशीला डॉक्टर हवा, हे सगळं ईमेलनं कळायचं. ती पत्रं घेऊन ज्याची त्याच्या कप्प्यात टाकणारं यंत्र, म्हणजे मेल सर्व्हर, दूध गार करायच्या विभागाला लागून असलेल्या खोलीत होता. भिंत थंड, म्हणून यंत्रही थंड राहायचं. ती जागा नेमाण्णानंच हुडकून काढली होती.

एकट्या नेमाण्णानं नव्हे म्हणा. त्याचा एक मित्र होता, श्रेणिक. दोघं एका बाकावर शिकले आणि एकाच दिवशी संघात लागले. सर्व्हर दोघांनी मिळून उभा केला. कुणा कंपनीचा बंद डबा आणायचा नाही, मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं, हा हट्ट श्रेणिकचा. मुक्त म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. सॉफ्टवेअर जगाचं असलं तरी नियम मात्र आपले, असं श्रेणिक म्हणायचा. ते नियम एका फाईलमध्ये लिहिलेले असायचे. कुणाचं पत्र कुणाला द्यायचं, कशाची प्रत चेअरमनना जायची, कुठलं पत्र दारातच अडवायचं. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर तारीख आणि कारण लिहायचं, अशी शिस्त दोघांनी घालून घेतली होती. उद्या आपण नसलो तर मागून येणाऱ्याला कळावं, म्हणून.

आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून केली. दोघंही जैन. भाद्रपदात दशलक्षण पर्व सरलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात. आता साठ खेड्यांतल्या माणसांपुढं हात जोडायला कुठं कुठं हिंडणार? म्हणून त्यांनी यादी केली. क्षमावणीच्या दिवशी सकाळी सहाला सर्व्हरमधून यादीतल्या प्रत्येकाला आपोआप पत्र जायचं: 'माझ्या वागण्या-बोलण्यानं तुमचं मन दुखावलं असेल, तर मला क्षमा करा.' एक पत्र नेमाण्णाच्या नावानं, एक श्रेणिकच्या. संघातला पत्ता बदलेल म्हणून दोघांनी आपले घरचे ईमेल पत्ते एकमेकांच्या यादीत घातले होते.

मग एका श्रावणात बिनसलं. नेमाण्णानं घाईघाईत फाईलमध्ये काहीतरी बदल केला आणि संघाचं टपाल दोन दिवस ठप्प झालं. टँकरचं नवं वेळापत्रक कुणाला मिळालंच नाही. चार गावचं दूध नासलं आणि लोकांनी ते डोळ्यांत पाणी आणून ओढ्यात ओतलं. वार्षिक सभेत कुणीतरी विचारलं, हे झालं कसं? चेअरमननी सांगून टाकलं, यंत्र बिघडलं होतं. नेमाण्णा खाली मान घालून बसला. तेवढ्यात श्रेणिक उठला.

"यंत्र बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "नेमगोंडाची चूक झाली. आणि त्याचं काम तपासायचं माझ्याकडं होतं, ते मी केलं नाही. ती माझी चूक."

सभा दोघांनाही माफ करून चहाला उठली. पण नेमाण्णाच्या कानात फक्त पहिलं वाक्य राहिलं. श्रेणिक खोटं बोलला असता, तर त्यानं चार दिवसांत सोडूनही दिलं असतं. तो खरं बोलला आणि भर सभेत बोलला, ते जिव्हारी लागलं. संध्याकाळी श्रेणिक घरी आला, तर नेमाण्णानं त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि सांगितलं, मी बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही. श्रेणिक बरं म्हणाला आणि गेला. तो शब्दाला धरून राहणारा माणूस. पुढं महिनाभरात त्यानं संघ सोडला आणि बायकोच्या माहेरी, बेळगावाकडं, एका साखर कारखान्यात नोकरी धरली. त्याचे फोन नेमाण्णानं घेतले नाहीत. मग फोनही थांबले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. दुसऱ्याच दिवशी नेमाण्णानं नियमांची फाईल उघडली आणि खाली एक ओळ लिहिली. श्रेणिकच्या घरच्या पत्त्यावरून आलेलं पत्र घ्यायचं नाही.

पत्र न घेण्याचे दोन प्रकार असतात. एक, पत्र परत पाठवायचं. मग लिहिणाऱ्याला कळतं की आपल्याला दार बंद आहे. दुसरा, पत्र घेतल्यासारखं करायचं आणि गुपचूप टाकून द्यायचं. मग लिहिणाऱ्याला वाटतं, पोचलं. नेमाण्णानं आधी पहिला प्रकार लिहिला. मग त्याला वाटलं, हा चार लोकांना सांगत सुटेल, लोक म्हणतील काय हा मनाचा कोता माणूस. म्हणून त्यानं ते पुसून दुसरा प्रकार लिहिला. ओळीच्या डोक्यावर तारीख टाकली. कारण लिहायची वेळ आली तेव्हा त्याला काही सुचेना. ती जागा त्यानं मोकळीच ठेवली. सबंध फाईलमध्ये कारण न लिहिलेली ती एकच ओळ होती.

वर्षं गेली. आता या मुक्त सॉफ्टवेअरचं असं असतं, की दर दोन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. जुन्यात भोकं सापडलेली असतात, ती बुजवलेली असतात. नवी घेतलीच पाहिजे, नाहीतर चोराचिलटांना वाट मोकळी. पण नवी घालताना आपले नियम जातात की काय, ही धास्ती. तालुक्याच्या एका पतसंस्थेचे गेले होते. आठ दिवस त्यांची पत्रं भलत्याच्याच कप्प्यात पडत होती.

नेमाण्णाची एकही ओळ कधी गेली नाही. तो रविवारी दुपारी हे काम काढायचा, सकाळचं दूध संपलेलं आणि संध्याकाळचं यायचं असायचं तेव्हा. आधी फाईलच्या तीन प्रती करायचा. एक संघात, एक घरी देव्हाऱ्याखालच्या खणात, आणि एक तालुक्याच्या शाखेत लोखंडी कपाटात. ही तिसरी प्रत तो दर गुरुवारी स्वतः मोटरसायकलवरून नेऊन बदलायचा. ऊन असो, पाऊस असो, त्याचा गुरुवार चुकला नाही. मग तो नवी आवृत्ती घालायला घ्यायचा. मध्येच सॉफ्टवेअर विचारायचं, ही फाईल तुम्ही बदललेली दिसते; माझी नवी घालू, की तुमची जुनी ठेवू? नेमाण्णा म्हणायचा, जुनी ठेव. न वाचता, न बघता, जुनी ठेव. संघानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. इतर संघांतून माणसं शिकायला येऊ लागली, आणि तो त्यांना छाती पुढं काढून सांगायचा, की इतक्या वर्षांत माझा एक नियम हरवलेला नाही.

नियम जसे राहिले, तशी नेमाण्णाची क्षमावणीची यादीही राहिली; श्रेणिकची यादी त्यानं संघ सोडला तेव्हाच बंद झाली होती. दर वर्षी सकाळी सहाला पत्रं जायची. यादीत कुणाकुणाची नावं आहेत, हे नेमाण्णानं पुन्हा कधी उघडून बघितलं नाही. आपण रोज ज्याच्यावर बंदी घालून बसलोय, त्याचीच वर्षातून एकदा क्षमा मागतोय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नवव्या वर्षी आषाढात मोठी आवृत्ती आली. या वेळी नियम लिहायची रीतच बदलली होती. बहुतेक ओळी सॉफ्टवेअरनं आपणहून नव्या रीतीत घातल्या. नऊ ओळी मात्र त्याला उमजल्या नाहीत. त्या त्यानं काढून वेगळ्या ठेवल्या आणि कळवलं, यातल्या हव्या त्या नव्यानं लिहून घ्या. न लिहिल्या तर त्या गेल्या असं समजा. चूक होऊ नये म्हणून नेमाण्णानं प्रयोगशाळेतल्या त्रिशलाबाईंना सोबत बसवलं. पंचवीस वर्षं दुधाची फॅट तपासणारी ती बाई; तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ती छापील कागदावरची ओळ वाचून दाखवायची, डोक्यावरचं कारणही वाचायची, आणि तो टंकायचा. सात ओळी झाल्या. आठवीला ती थांबली.

"अण्णा, या ओळीला कारण नाही."

नेमाण्णानं कागद हातात घेतला. नऊ वर्षांनी त्यानं ती ओळ वाचली. पत्ता वाचला. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्याला राग आला नाही. राग केव्हाच विझला होता. उलट त्याला बाक आठवला, त्यावर दोघांनी कर्कटकानं कोरलेली नावं आठवली. ओळ जाऊ द्यायला त्याला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं नववीकडं वळलं की झालं. ठेवायची म्हटली तरच मेहनत होती, आपल्या हातानं पुन्हा अक्षर न् अक्षर लिहायची.

"काढू का?" त्रिशलाबाईंनी विचारलं. "कशाला आहे तेच लिहिलेलं नाही, तर ठेवायची कशाला?"

नेमाण्णाच्या मनात आलं, काढली तर उद्या श्रेणिकचं पत्र येईल. आलं तर उत्तर द्यावं लागेल. उत्तर द्यायचं तर आधी आपलं चुकलं म्हणावं लागेल. नऊ वर्षांनी कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यापेक्षा आहे तसं राहू दे.

"जुनी आहे," तो म्हणाला. "आपल्याकडं जुनं काढायची पद्धत नाही."

आणि त्यानं ती ओळ नव्या रीतीत, काना-मात्रा न चुकवता लिहून काढली. त्रिशलाबाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि नववी ओळ वाचायला घेतली. संध्याकाळचं दूध यायच्या आत काम झालं. चेअरमननी पेढे मागवले.

माघातली गोष्ट. दुपारच्या वेळी संघाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, कपाळ मोकळं. नेमाण्णानं क्षणभर ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा तो लगबगीनं उठला. ती श्रेणिकची बायको होती, रत्नाबाई.

त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती सांगत गेली आणि तो ऐकत राहिला. श्रेणिकच्या पोटात गाठ निघाली होती. कार्तिकात त्याच्याच हट्टावरून त्याला इथं तालुक्याच्या दवाखान्यात आणलं होतं, आठ दिवस. तिथंच तो गेला. दवाखान्याचे काही कागद राहिले होते, ते न्यायला ती आली होती, आणि जाता जाता इकडं वळली होती.

"मी भांडायला आले नाही, भाऊजी," ती म्हणाली. "एकच विचारायला आले. दर क्षमावणीला तुमचं पत्र यायचं. सकाळी सहाला. ते उठून वाट बघत बसायचे. मी म्हणायची, अहो ते यंत्र पाठवतंय, सगळ्यांनाच जातंय. तर म्हणायचे, नेमू एकेक ओळ तपासून ठेवणारा माणूस आहे. माझं नाव यादीत ठेवलंय, म्हणजे मला टाकलेलं नाही. लगेच उत्तर लिहायचे. बोलावलंस तर येतो, असं दर वर्षी लिहायचे. तुम्ही एका ओळीनं कधी बोलावलं का नाही?"

बाई थांबली नाही.

"शेवटचं पत्र मी लिहिलंय. ते सांगत होते, मी टाइप करत होते. तुझ्या तालुक्यात आलोय, आठ दिवस आहे, बोलावायचं तेवढं राहू दे, तूच दोन मिनिटं येऊन जा. पोचलं असं दाखवलं. मग म्हणाले, खाट दाराकडं तोंड करून लावा. मी माणूस पाठवते म्हटलं, तर नको म्हणाले. पत्र पोचलंय, आता यायचं की नाही ते त्याचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गुरुवारी खिडकीतनं तुम्ही गाडीवरनं जाताना दिसलात. म्हणाले, आला बघ. मी दार उघडून धरलं. किती वेळ धरलं होतं मी ते दार, भाऊजी."

नेमाण्णाला तो गुरुवार आठवला. दवाखान्यावरूनच शाखेचा रस्ता जातो. त्या दिवशी त्याच्या पिशवीत नियमांची प्रत होती, आणि त्या प्रतीत ती ओळ होती.

सुटायला वाट होती. यंत्र बिघडलं होतं म्हणाला असता, तर बाईनं विश्वास ठेवला असता. थोडं समाधानही घेऊन गेली असती. ते शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण सभेत खाली मान घालून बसलेला नेमगोंडा त्याला आठवला, आणि उठून उभा राहिलेला श्रेणिक आठवला.

"यंत्र बिघडलं नव्हतं, वैनी," तो म्हणाला. "माझी चूक झाली. मी त्यांचं एकही पत्र वाचलेलं नाही."

त्यानं तिला पडद्यावरची ती ओळ दाखवली. रत्नाबाईंनी नवऱ्याचा पत्ता ओळखला आणि त्यावर बोट टेकवलं. पुढचं काय लिहिलंय ते नेमाण्णानं समजावून सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही.

"हे त्यांना सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर ते हसले असते हो."

मग तिनं पिशवी उचलली आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघाली. नेमाण्णा तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. परत येऊन त्यानं सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढल्या. सर्व्हर टाकून दिलेल्या पत्राचा मजकूर ठेवत नाही. तारीख ठेवतो, वेळ ठेवतो, कुणाकडून आलं ते ठेवतो. दहा क्षमावणींच्या दहा नोंदी होत्या. सगळ्या सकाळी सातच्या आतल्या. अकरावी कार्तिकातली. प्रत्येकीपुढं एकच शब्द होता, टाकलं. शेवटच्या पत्रात काय होतं ते त्याला आता कळलं होतं. बाकीच्या दहांत काय काय होतं, ते कुणाकडंच उरलं नव्हतं. कारखान्यानं श्रेणिकचा कॉम्प्युटर पुसून दुसऱ्या माणसाला दिला होता, आणि घरचा पत्ता रत्नाबाईंनी बंद करून टाकला होता.

नेमाण्णानं फाईल उघडली आणि ती ओळ पुसली. पुसायला एक निमिष पुरलं. त्रिशलाबाई दारात उभ्या होत्या. पडद्यावरची ती मोकळी जागा बघून त्या प्रयोगशाळेकडं वळल्या.

भाद्रपद आला. क्षमावणीच्या आदल्या दिवशी नेमाण्णानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकेक नाव वाचून त्या माणसाचं मन आपण कशानं दुखावलं, ते आठवून बघितलं. श्रेणिकच्या नावाशी तो अडला. ते काढायला हवं होतं, पण त्याचा हात धजला नाही. सकाळी तो सहाच्या आधी येऊन सर्व्हरसमोर बसला. पत्रं गेली. लोकांची उत्तरं येऊ लागली, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. आणि त्यांतच एक पत्र श्रेणिकच्या पत्त्यावरून माघारी आलं. आता वाटेत कसलाही नियम नव्हता, त्यामुळं ते थेट त्याच्या कप्प्यात पडलं. नेमाण्णानं ते उघडलं. आत यंत्रानं एवढंच लिहिलं होतं, की या पत्त्यावर आता कुणी नाही.

तात्पर्य एवढंच: जुनं जपण्याआधी आपण काय जपतोय ते वाचून घ्यावं. राग आपोआप विझतो, पण रागाच्या भरात लावलेली कडी आपल्याच हातानं काढावी लागते, आणि ती काढायची तर पलीकडं माणूस उभा आहे तोवरच काढावी.